सातवी बंदूक

शनिवारी सकाळी ऑरिनने स्वयंपाकघरातलं टेबल व्यापून टाकलं होतं. कानशी, चामड्याचे तुकडे, गारगोट्या आणि मधोमध बंदूक. अडीचशे वर्षांपूर्वीच्या, गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या बंदुकीची ही हिंदुस्थानात बनलेली स्वस्त नक्कल. दर एप्रिलमध्ये गावची जुनी लढाई नाटकासारखी पुन्हा खेळणाऱ्या त्याच्या हौशी पलटणीत कॉर्टनी नवीन आली होती. तिला परवडेल अशी त्यानेच शोधून दिली होती.

"आली तेव्हा नुसती शोभेची होती," ऑरिन म्हणाला. "ठिणगी आत जायला नळीला भोकसुद्धा नव्हतं पाडलेलं. तीन आठवडे घासली. आता दहापैकी दहा वेळा पेट घेते."

"तीन आठवडे! माझा नवरा तीन वर्षांत एक कढई घासत नाही," कॉर्टनी म्हणाली.

ऑरिन खो खो हसला. सिंकपाशी भांडी विसळणाऱ्या त्याच्या मुलीने, नेलने, नळ मोठा सोडला.

"माझा नळ कधीपासून गळतोय, बाबा."

"प्लंबर बोलाव ना."

कॉर्टनी गाडीतून काहीतरी आणायला गेली. ऑरिनने मान वर केली नाही.

"आणि हे पक्कं ध्यानात ठेव. तेल सगळीकडे चालेल. पण गार जिच्यावर आपटते त्या पोलादी पट्टीला थेंबही नको. गारेलाही नको. बोटाचा ओशटपणासुद्धा चालत नाही. कोरडी असली तरच ठिणगी."

"बरं," नेल म्हणाली.

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "अगं, तू होय?"

कॉर्टनी परतली तेव्हा तो चामड्याचा तुकडा कापत होता. नेलने तिला काही सांगितलं नाही.

मंगळवारी तो झोपेतच गेला.

दफनाच्या वेळी पलटण जुने कोट घालून आली. सात जण, मानवंदनेच्या तीन फैरी. कॅप्टन वॉरनने हुकूम दिला. सहा बंदुका कडाडल्या. सातवीचा नुसता घोडा पडला. कॉर्टनीचा चेहरा लाल झाला.

दुसरी फैर. पुन्हा सहाच.

कॉर्टनीची बंदूक आरशासारखी चमकत होती. सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर ती सगळ्यांना सांगत होती, रात्रभर बसून पुसली, इंच न् इंच तेल दिलं, त्यांच्यासाठी. नेलने ते तेव्हाच ऐकलं होतं. आताही ती हाताची घडी घालून उभी होती. आणखी एकदा नुसता घोडा पडला की संपलं. बाबांची लाडकी बंदूक बाबांच्याच दफनाला मुकी राहणार होती.

वॉरनने श्वास घेतला.

"थांबा," नेल म्हणाली.

ती रांगेत शिरली. पर्समधून रुमाल काढला. सकाळपासून तो घडीतच होता. तिने पट्टी पुसली, गार पुसली, रुमालाची बाजू बदलून पुन्हा पुसली. बोट कुठेही लागू दिलं नाही.

"नवीन रंजक घाल," ती म्हणाली. कॉर्टनीने चिमूटभर बारीक दारू घातली.

"हे मला ते कधी बोललेच नाहीत," कॉर्टनी पुटपुटली.

"बोलले होते. तू गाडीकडे गेली होतीस."

तिसऱ्या फैरीला सातही बंदुका उडाल्या. धूर खड्ड्यावर रेंगाळला. वॉरनने टोपी काढली.

"नेल, इतकं येतं तुला? मग पलटणीत का नाही आलीस कधी?"

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. काळा झालेला रुमाल मुठीत धरून ती खड्ड्याच्या कडेशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, बाबा. मी आले असते."