खोल टोपीचा दिवा

“हितं हुबा ऱ्हा. जरा मागं सर,” आबाजींनी फर्मावलं.

नागेश आपल्याच दुकानात, आपल्याच दिव्यासमोर एक पाऊल मागे सरकून उभा राहिला. बारामतीत विजेच्या सामानाचं दुकान त्याने नव्वद साली टाकलं. सहा वर्षांत तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली, पण दुकानदारालाच उभं करणारं हे पहिलंच. वर भरदुपारी शटरही खाली ओढायला लावलं होतं.

आबाजी अंथुर्ण्याचे. घराणं एके काळी मेंढरं राखायचं, आता ऊस होता. जुन्या दगडी घराच्या पुढच्या दाराला त्यांना दिवा हवा होता. दुधी काचेचा गोळा त्यांनी नाकारला, ट्यूब नाकारली, पितळी कंदिलाकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही.

“तुझं तोंड दिसतंय,” ते म्हणाले. “दुसरा काढ.”

“आबा, दिवा लावायचाच तोंड दिसावं म्हणून. दारात कोण आलंय ते कळायला नको?”

“मला उजेड खाली पायजे. वर न्हाय.”

“साप-विंचवासाठी?”

“तसंच समज.”

तसंच समज म्हणजे तसं नाही, एवढं नागेशला कळत होतं. लोकांच्या घरच्या भानगडींची चौकशी हा त्याचा जुना आजार. पण आबाजींच्या तोंडून पुढे अवाक्षर निघेना. शेवटी त्याने माळ्यावरून पत्र्याची खोल टोपी असलेला दिवा काढला. पूर्वी गुऱ्हाळावर लावायचे तसला, उजेड सरळ खाली पाडणारा.

तो लावून नागेश पुन्हा उभा राहिला. कमरेखाली लख्ख उजेड, वर अंधार. आबाजींनी लांबून निरखून बघितलं.

“ह्योच. बसवायला तूच ये. उद्या, दिवस मावळायच्या आत.”

एरवी नागेश माणूस पाठवायचा. या वेळी मात्र बोलावलं नसतं तरी तो गेला असता.

दुसऱ्या दिवशी अंथुर्ण्यात तो दिवा बसवत होता. आबाजी परड्यात शेळ्या बांधायला गेले, तशी त्यांची बायको द्वारकाबाई चहा घेऊन आली.

“बाबा, आजच्या दिस हा दिवा लावू नगंस,” ती हळूच म्हणाली.

“का हो काकू?”

“चार वर्सं झाली. आमच्या सुकन्यानं भिगवणच्या मासेवाल्याच्या पोराशी लगीन लावलं. ह्यांनी बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, तिचं तोंड बगणार न्हाय म्हणून. पर ती येती. हे डेरीला दूध घालाय गेलं की येती. ती उंबऱ्याभायेर अंधारात, मी आत. चार सबुद बोलतो, झालं. आज तिचा यायचा दिस हाय, आन् आजच हे डेरीला गेलं न्हाईत. कुनीतरी कान भरल्यात.” तिने डोळ्याला पदर लावला. “दिव्यात घावली तर पोर पुन्हा यायची न्हाय बाबा.”

नागेशने वर टोपीच्या दिव्याकडे बघितलं. चोर पकडायचा दिवा आपणच शोधून दिला की! त्याने शिडीवर चढून बल्ब जरा सैल केला. आपलं काम बिघडावं असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

आबाजी आले. बटण दाबलं. दिवा लागला नाही. त्यांनी वर बघितलं, मग नागेशकडे.

“घट्ट बसव,” एवढंच म्हणाले.

म्हाताऱ्याच्या नजरेपुढे इलाज नव्हता. नागेशने बल्ब बसवला. आबाजींनी दिवा बंद केला, आतल्या बाजूला दारासमोर बाज ओढली आणि बटणाशी हात ठेवून बसून राहिले. नागेश निघू शकला असता. पण तो भिंतीला लागून उभाच राहिला.

अंधारून आलं. फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने अंगणात पावलं वाजली. द्वारकाबाई लगबगीने दाराकडे निघाली.

“थांब,” आबाजी म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

उंबऱ्यापलीकडे दोन पाय थबकले. वर हिरवं लुगडं, लुगड्याआड पुढे आलेलं पोट. त्याच्या वर काहीच दिसत नव्हतं. पाय गर्रकन मागे वळले.

“पळू नगंस,” आबाजी म्हणाले. “पडशील.”

पाय थांबले. द्वारकाबाईने डोळे गच्च मिटून घेतले. आबाजी मान खाली घालून उजेडात बराच वेळ बघत राहिले.

“अगं, पाय सुजल्यात पोरीचं,” ते बायकोला म्हणाले. “बाळतपणाला हितंच ठिवून घे. तोंड कुठं बगितलंय म्या?”