पेटीमास्तरांचे बोंबील

“हरलास तर भरबाजारात बोंबील विकायचे!” बन्सीनं टाळीसाठी हात पुढं केला. “टोपली डोक्यावर आणि बेंबीच्या देठापासून आरोळी. बोल मास्तर, लावतोस?”

हॉटेलातले सगळे बशीतला चहा सांडेपर्यंत हसले. भगवंत पेटीमास्तर माळकरी माणूस. सुक्या मासळीची गल्ली टाळायला अख्ख्या बाजाराला वळसा घालणारा. त्यातून अबोल. पालघरात कोणी त्याचा मोठा आवाज ऐकला असेल, तर तो पेटीचाच.

भगवंत हॉटेलच्या फळ्यासमोर ओलं फडकं घेऊन उभा होता. फळ्यावर मंडळाच्या यंदाच्या बैठका. दसऱ्याला पालघर, मग सफाळे, बोईसर, बेटेगाव, अशा थेट शिमग्यापर्यंत. खडूचं अक्षर नर्मदेचं. मंडळ म्हणजे तिघंच. नर्मदा गायची, खंडेराव तबल्यावर, आणि नर्मदेचा नवरा भगवंत पेटीवर साथीला. आषाढात तापाचं निमित्त झालं आणि नर्मदा गेली. खंडेरावाला तारापूरला अणुविजेच्या बांधकामावर नोकरी लागली. त्याला रजा मिळेना. मंडळात उरली पेटी.

“मी साथीचा माणूस,” भगवंत म्हणाला. “साथ कोणाला करू? या खुर्चीला?”

“कर की! खुर्ची बेसूर तरी नाय व्हायची.” बन्सी खुर्चीवर चढूनच बसला. “दसऱ्याची बैठक पुरी करून दाखव. पण एकट्यानं हां. जमलं तर माझी मिशी चौकात उतरवतो. अर्धी.”

“अर्धीच का रे?” झुंबर न्हाव्याला धंद्याची काळजी.

“पुरी उतरवली तर लोक दोन दिवसांत विसरतील. अर्धी जन्मभर सांगतील.”

बन्सीची मिशी म्हणजे गावाची मालमत्ता. ती जाणार म्हटल्यावर सगळे भगवंताच्या मागं लागले. भगवंतानं फडकं पिळलं.

“लावली. पण बैठक मोडली, तर हा फळा मी पुसणार. पेटी सफाळ्याच्या भजनवाल्यांना देऊन टाकणार. मग परत कोणी माझ्याकडं गाण्याचं नाव काढायचं नाय.”

बन्सीचं हसू क्षणभर अडकलं. मग त्यानं टाळी दिली.

बन्सी आणि भगवंत शेजारी. मधे एकच भिंत, तीही कुडाची. पलीकडं शिंकलं की अलीकडं ‘सत्य’ म्हणावं अशी. संध्याकाळी रियाजाच्या वेळेला भगवंत सवयीनं पेटी उघडायचा. सूर धरायचा. तो उचलायला समोर कोणी नसायचं. भात्यातला वारा सरेपर्यंत सूर टिकायचा, मग दम टाकायचा. भगवंत झाकण लावायचा. पलीकडं बन्सीची खाट करकरायची आणि गप्प व्हायची.

दसऱ्याच्या संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं ही गर्दी जमली. गाण्यासाठी एकही नाही, सगळे मिशीसाठी. झुंबर तर वस्तऱ्याला धार लावून पहिल्या रांगेत बसला होता. पेटीला झेंडूची माळ. शेजारी सतरंजीचा एक चौकोन रिकामा.

भगवंतानं नर्मदेचं लाडकं भजन धरलं. सुरुवातीची सुरावट वाजवली आणि थांबला. एक ओळ गायला लागावा तेवढा वेळ थांबला. मग त्या ओळीचं उत्तर वाजवलं. पुन्हा थांबला. नजर रिकाम्या सतरंजीवर. त्याला दुसरं काही वाजवताच येत नव्हतं. नर्मदेची जागा सोडून तो फक्त आपल्या वाट्याचं वाजवत होता.

“रॉकेल संपलं का रं पेटीतलं?” मागून कोणीतरी म्हणालं. पोरं फिदीफिदी हसली. बायकांत बसलेल्या गोजराबाईनं डोळ्याला पदर लावला. दोघंचौघं उठून चपला शोधू लागले.

भगवंताचा भात्यावरचा हात सुटला. त्यानं झाकणाकडं हात नेला.

तेवढ्यात मागून ओळ आली. कसली ओळ! वंगण नसलेलं बैलगाडीचं चाक. पण शब्द सगळे जागच्या जागी. कुडाच्या भिंतीतून वर्षानुवर्षं झिरपलेले. बन्सी गात गात माणसं तुडवत पुढं आला आणि त्या रिकाम्या चौकोनात मांडी ठोकून बसला.

त्याचा सूर नर्मदेच्या सुराच्या कितीतरी खाली. भगवंत क्षणभर बघत राहिला. मग त्याची बोटं पट्टीवरून उतरत उतरत थेट बन्सीच्या गळ्यापाशी येऊन थांबली. बन्सी घसरला की पेटी घसरे. बन्सी अडखळला की पेटी त्याला हात धरून पुढं नेई. चपला शोधणारे परत बसले. भैरवीपर्यंत कोणी उठलं नाही.

बाजाराच्या दिवशी मासळीच्या गल्लीत आरोळी उठली. “बोंऽबील घ्या होऽ बोंबील!” माळकरी भगवंत, डोक्यावर टोपली, आवाज बेंबीच्या देठापासून आणि अस्सल सुरात. मागून बन्सी रिकाम्या डब्यावर ठेका धरून. मिशी शाबूत, वर पीळ. झुंबर वैतागून वस्तरा हलवत होता. “आता सफाळ्याला येतो मी. तिथं तरी पैज लावा!”

टोपलीची मालकीण साखरबाई डोळे बारीक करून बघत राहिली. “पन मास्तर, बैठक तं पुरी झाली म्हनतान. मंग तुमी हरले कशे?”

भगवंतानं टोपली सावरली. बऱ्याच दिवसांनी तो हसला.

“एकट्यानं करायची होती, बाय. कुठं झाली एकट्यानं?”