अर्धी गोळी

लहानू रडायला लागला तेव्हा साळूबाईचे हात पिठात होते. ती तशीच उठली. सकाळी बाळगोळी दिली की हे रांगतं पोर दुपार कलेपर्यंत डोळा उघडत नसे. आज ऊन अंगणात यायच्या आतच ते जागं झालं होतं.

पलीकडच्या खोलीत तिचा नवरा गेणू झोपला होता. अमावास्या, म्हणजे सगळ्या तांबट आळीची सुटी. एरवी दिवसभर तांब्यावर हातोडे असे ठणठणत असतात की शेजारच्या घरात काय चाललंय ते शेजाऱ्याला ऐकू येत नाही. अमावास्येला सगळं ऐकू येतं. शेजारी तरीही ऐकत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

गेणू रात्री पिऊन आला होता, आणि झोपमोड झाली की तो कोणाची गय करत नसे. मागच्या अमावास्येला त्याने लहानूला एका हाताने पाळण्यातून उचललं होतं. साळूबाई मध्ये पडली म्हणून पोर वाचलं. तिचं मनगट मात्र अजून धड वळत नव्हतं. म्हणूनच आज उठल्या उठल्या तिने लेकीला बजावलं होतं, सखू, गोळी विसरू नको.

सखू पाळण्याला टेकून बसली होती. तेरा वर्षांची पोर, भाऊ कानाशी रडतोय आणि तिचा हात दोरीकडे जात नव्हता.

“गोळी दिली नाहीस?”

“दिली.”

“मग हा उठला कसा?”

“अर्धीच दिली.”

“आणि अर्धी?”

सखूने मान वर केली. तिच्या पापण्या जड झाल्या होत्या आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टिपक्याएवढ्या. असे डोळे साळूबाई रोज पाळण्यात बघत होती.

“सखे, अगं अफू असते त्यात!”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून चाललंय हे?”

“मी पाळण्यात होते तेव्हा तूच द्यायचीस की.” सखूच्या बोलण्यात राग नव्हता, गाऱ्हाणंही नव्हतं. “मी चालायला लागले नि तू गोळी बंद केलीस. बाबांचा मार कुठं बंद झाला होता?”

साळूबाईने लहानूला उचलून छातीशी दाबलं. तो आणखीच मोठ्याने रडला.

“कोण केकाटतंय?”

गेणू दारात उभा होता. हातात वहाण. साळूबाईने पोर पदराखाली घेतलं आणि त्याच्याकडे पाठ केली. तेवढ्यात सखू उठून मध्ये जाऊन उभी राहिली. घाई नाही, गडबड नाही. पाहुण्याला पाट द्यायला उठावं तशी उठली.

“मला मारा, बाबा. मला काही होत नाही.”

गेणूने मारलं. सखूने हात वर केला नाही, डोळेही मिटले नाहीत. मारणाऱ्यालाही समोरून काहीतरी लागतं, रडणं, गयावया, निदान दचकणं. इथं काहीच मिळेना, तेव्हा त्याचाच हात थकला. त्याने वहाण भिरकावली, खुंटीवरचा सदरा ओढला आणि शिव्या देत बाहेर पडला.

सखूच्या ओठातून रक्त येत होतं. तिने बोट लावून पाहिलं आणि ते परकराला पुसलं.

“रड गं बाई,” साळूबाई म्हणाली. “एकदा तरी रड. मला भीती वाटते तुझी.”

“येत नाही रडू. बरं असतं गं आई. ते मारतात, पण लांब कुणाला तरी मारतायत असं वाटतं.”

साळूबाईने फळीवरून गोळ्यांची डबी काढली आणि ती तरातरा मोरीकडे गेली. सगळ्या सांडपाण्यात सोडायच्या, आत्ताच्या आत्ता. तिने झाकण उघडलं. तोच आळीच्या तोंडाकडून गेणूचा आवाज आला. कोणाशी तरी भांडत होता, आणि आवाज घराकडे येत होता. लहानू अजून मुसमुसत होता. त्याला पुन्हा रडायला काही निमित्त लागणार नव्हतं.

साळूबाईने एक गोळी काढून दाताने तोडली आणि अर्धी लहानूच्या जिभेवर चोळली. सखूने हात पुढे केला. साळूबाईने उरलेली अर्धी तिच्या हातावर ठेवली.

सखूने नखाने तिचे दोन कण केले. एक स्वतःच्या तोंडात टाकला. दुसरा बोटावर घेऊन तिने आईच्या ओठांशी नेला.

“आ कर,” ती म्हणाली.

साळूबाईने एकदा दाराकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.