न तुटणारा बोल्ट

बोल्ट बदलणं टळलं, तर उत्तमरावांची दिवसाला वीस मिनिटं वाचणार होती. जुन्या ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागचा फिरता दांडा, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर फिरवायचा आणि दगड लागला की मधल्या शाफ्टचा बोल्ट तुटायचा.

“मालक, तो तुटतो म्हणून ट्रॅक्टर वाचतो,” शौकत मिस्त्री म्हणाला. “मुद्दाम नरम ठेवलेला असतो.”

“तुझा धंदा वाचतो, असं म्हण की!” उत्तमरावांनी ट्रकचा पोलादी बोल्ट ठोकला. स्वतःचे आठ एकर त्यावर निभावले, तेव्हा मिस्त्रीची अक्कल गावभर काढून आले.

मग वहिनीचे दोन एकर. ट्रॅक्टर तिच्याच नवऱ्याने घेतलेला. नवरा गेला आणि तिचा नंबर शेवटी गेला. तिसऱ्याच फेरीत दगड लागला. बोल्ट जागचा हलला नाही. पीटीओच्या गिअरचे दात तेवढे आतल्या आत झडले.

“वहिनी, तुमच्याच रानात दगड फार!”

“रानात एकच होता, भावजी. दुसरा ट्रॅक्टरवर बसलेला.”

गिअर यायला पंधरा दिवस लागले. तोवर पेरणीजोग्या ओलीचा वाफसा उडाला. वीस मिनिटं वाचली उत्तमरावांची. पेरणी चुकली वहिनीची.