थोरल्याचं फेफरं

आबासाहेब तिसऱ्यांदा पडले, तेव्हा जयवंतानं त्यांना सावरायला हात पुढं केला नाही. तो नुसता बघत राहिला.

थोरल्या भावाचा डावा हात थरथरला, मान वळली, डोळे पांढरे झाले. पण पडले ते नेमके वांग्याच्या वाफ्यात, भिजल्या मऊ मातीत. दोन पावलांवर विहिरीचा दगडी काठ होता, त्याला डोकं लागलं नाही. मागच्या खेपेला तर कडब्यावर पडले होते.

"फेफरं जागा बघून येतं व्हय?" घरी येऊन जयवंतानं बायकोला विचारलं.

शकुबाई भाकरी थापता थापता थांबली. "असं बोलू नये. थोरल्यास्नी पुण्याला न्यायला पायजे."

"दसऱ्यानंतर रानाची वाटणी ठरली, आन् म्हैन्यात ह्यास्नी फेफरं लागलं!"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. हल्ली ती अशीच गप्प व्हायची. परवा ती आणि आबासाहेब गोठ्यामागं कुजबुजत होती. जयवंता दिसताच बोलणं तुटलं. त्या दिवशी त्यानं जेवणाचं ताट भिरकावलं होतं. एका दुपारी बांधावर त्याचा डोळा लागला, जाग आली तर शकुबाई उशाशी बसून रडत होती. कारण विचारलं, तर म्हणाली, "काय न्हाय." सगळं पणदरं गाव त्याच्याशी जपून बोलू लागलं होतं. नक्की काहीतरी शिजत होतं. त्या विचारानं कपाळ ठणकायचं. त्यात पहाटे पाटाचं पाणी धरून सर्दी मुरलेली. वाकला की नाकातनं पाणी ठिबकायचं.

पुण्याला तोही निघाला. दवाखान्याची पायरी त्यानं जन्मात चढली नव्हती. आईला नेलं तेव्हाही बाहेरच थांबला होता. पण थोरल्यानं डॉक्टरला हाताशी धरून आजाराचा कागद आणला, की वाटणी गेली लांबणीवर. सोंग उघडं पाडायचं तर ते डोळ्यांदेखत.

बारामतीहून एस.टी.त दोघं शेजारी बसले. जेजुरी गेली, दिवे घाट उतरला, तरी आबासाहेबांना काही झालं नाही.

"बरं वाटतंय न्हवं, दादा?" जयवंतानं खोचून विचारलं.

"तू संगं हायेस, मग काय!" आबासाहेब म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी आबासाहेबांना एकट्यालाच आत घेतलं आणि दार लावलं. जयवंतानं दाराला कान लावला, पण काही कळलं नाही. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "डोक्याच्या आतला फोटो काढू. तुम्ही सख्खे भाऊ ना? तुमचाही काढतो. दोन्ही शेजारी धरले की फरक कळेल."

"काढा की! पर दादांचा फोटो माज्या डोळ्यांम्होरं काढायचा."

दुपारी डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. एक काळी फिल्म त्यांनी उजेडासमोर धरली. भुवईच्या वर सुपारीएवढी पांढरी गाठ दिसत होती.

"ही हाडाची गाठ. कॅन्सर नव्हे, साधीच आहे. पण मागचं हाड फोडून ती मेंदूला टेकली आहे. अशानं झटके येतात, आणि झटका येऊन गेला हे त्या माणसाला आठवतही नाही. स्वभाव बिघडतो. आता उशीर केला तर आत पू होईल, जीव जाईल. ऑपरेशन केलं तर वाचवता येईल."

जयवंताच्या तोंडचं पाणी पळालं. महिनाभर ज्याच्या पडण्यावर त्यानं पाळत ठेवली, तो सख्खा भाऊ मरणाच्या दारात होता. त्यानं आबासाहेबांचे पाय धरले.

"दादा, चुकलो. वाटणी नगं, काय नगं. आजच हितं ऱ्हावा. माजी आण हाय तुमास्नी."

आबासाहेबांनी त्याला उठवून छातीशी धरलं.

डॉक्टरांनी दुसरी फिल्म उजेडासमोर धरली. तिच्यात कसलाही डाग नव्हता.

"आबासाहेबांचा फोटो हा," ते म्हणाले.