दहावी दुरुस्ती

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली आणि आत अडकलेल्या शाहिनाजनं एकेक करून सगळी बटणं दाबून पाहिली. कैरोतल्या लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत तिनंच नवी पद्धत बसवली होती: जितक्या दुरुस्त्या, तितके गुण. साठ दुरुस्त्यांचा हेशाम पहिला; नऊवाले म्हातारे उस्ताद कारागीर, उस्ता फरगली, शेवटचे, आणि शेवटच्याला घरी बसवायचं! गुणांच्या यादीवर सही करायला पेन उघडलेले मालक मुनीर पाशा लिफ्टमध्ये तिच्या शेजारीच घाम पुसत होते. “हेशामला बोलावू, पाशा?” “त्याला? ही लिफ्ट त्यानं महिन्यात सहादा दुरुस्त केलीय! उस्तांना बोलाव बाई, त्यांनी हात लावला की वर्षभर बघायला नको.” आपलंच बोलणं ऐकून पाशांनी सही न करताच यादी तिच्या हातात परत दिली. शाहिनाजनं घाईघाईनं फोन लावला. “येतो, पोरी,” उस्ता हसले, “आता माझ्या दहा होतील ना गं?” पाशांच्या हातातलं पेन घेऊन तिनं यादीत नवा रकाना आखला: दुरुस्ती किती टिकली?