नाव सांगा, आजी

सकाळच्या बिघडलेल्या अपडेटनं दवाखान्याचे सगळे कॉम्प्युटर झोपले होते. माझी सून ऋतुजा तिथंच कामाला, ती तळघरात सर्व्हर दुरुस्त करत होती. एकेका सर्व्हरच्या पोटात चाळीस-चाळीस कॉम्प्युटर असतात म्हणे. फोनवर म्हणाली, "आई, एकेक करून पॅच टाकतेय. तुमच्या वॉर्डाला दोन तास लागतील."

"लाव की दोन तास! तोवर तुझ्या सासऱ्यांचा पाय कापून मोकळे होतील हे लोक!"

आमच्या ह्यांच्या पोटातले खडे काढायचे होते, पाय कापायचा होता शेजारच्या म्हाताऱ्याचा. दोघंही इंजेक्शनच्या गुंगीत, दोघांच्या अंगात तोच हिरवा झगा आणि मनगटातल्या पट्टीवर नुसत्या रेघा, त्या कॉम्प्युटरलाच वाचता येतात. पायाचा पेशंट न्यायला वॉर्डबॉय मामा आले आणि त्यांनी आमच्याच खाटेला हात घातला. मी हात पसरून आडवी आले.

"आजी, पेशंटचं नाव सांगा, चिकटपट्टीवर लिहून छातीवर लावते," सिस्टर म्हणाली.

"हे."

"हे काय नाव झालं? लवकर, डॉक्टर थांबलेत!"

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सासूबाईंनी बजावलेलं. लग्नातल्या उखाण्यानंतर बावन्न वर्षं मी ते ओठांवर आणलं नव्हतं. लिहून द्यावं तर अक्षर येत नाही. डोळे मिटले आणि ओरडले, "रंगनाथ! रंगनाथ काळभोर!"



ह्यांनी गुंगीतच खाडकन डोळे उघडले. "अगं, नाव घेतलंस? गेलो की काय मी?"